जामीन होईन काय?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः फौजदारी वकील होते. पक्षकाराला समजेल असं उत्तर देता आलं नाही तर वकिलाला ते उत्तर आलंच नाही, असं ते मानत. म्हणून आज कायद्याचं तत्त्वज्ञान नको. अकोल्यात आणि अमरावतीत काळा कोट घालून फिरणाऱ्या माणसाला लोक जे विचारतात, त्यावर बोलतो. लोक आम्हाला चहाच्या टपरीवर विचारतात, एसटीत शेजारी बसून विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. मयतीला गेलो तरी परतताना कुणीतरी हळूच बाजूला घेतं.

लोक कायदा विचारत नाहीत, निकाल विचारतात. सुटन काय, जामीन होईन काय, सजा किती लागन. आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न: ठाणेदार तुमच्या ओळखीचे आहेत काय? फौजदारी म्हणजे ओळखीचा मामला, ही आपल्या वऱ्हाडात पक्की समजूत. ती अगदीच निराधार आहे असं मी इथे उभा राहून सांगितलं तर तुम्हीच हसाल. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी कायद्याने काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा वेळेच्या आणि कागदाच्या आहेत: किती तासांत, कोणता कागद, कुणाच्या सहीचा. त्या मागायच्या वेळी आपण मागत नाही, आणि ती वेळ गेल्यावर वकिलाकडे येतो.

पहिला फोन बहुधा रात्री येतो. "वकील साहेब, माह्या पोराले ठाण्यात नेलं हो. आता का करू?" मी उलट विचारतो, अटक केली की चौकशीला नेलं? समोरच्याला हा फरक माहीत नसतो, आणि ठाण्यातूनही तो आपणहून कुणी सांगत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात जुलै २०१४ मध्ये बजावलं. अटकेची गरज नसेल तर आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची. जुन्या संहितेत ते कलम ४१-अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते ३५(३) आहे. आपल्याकडे ही नोटीस आली की पोरगा पुण्याला आत्याकडे जातो. करायला हवं याच्या अगदी उलट. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणं लेखी नोंदवावी लागतात. पळून जाणारा ते कारण आयतं हातात देतो.

अटक झालीच, तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. शनिवारी संध्याकाळी धरलं म्हणजे सोमवारपर्यंत आत, ही समजूत खोटी आहे. सुट्टीच्या दिवशीही दंडाधिकारी असतो. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. साठी उलटलेल्या किंवा आजाराने खचलेल्या माणसाला तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलीस उपअधीक्षकाची परवानगी हवी. आणि निव्वळ साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर कोणत्याही बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलवायचंच नाही, पोलिसांनी घरी यायचं. हे शेवटचं मी गावात सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे, हा वकील कधी ठाण्यात गेला होता का, अशा नजरेने पाहतात. पण ते नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढंच.

अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत, हा मुद्दा गेल्या दोन-तीन वर्षांत फार पुढे गेला. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी एवढ्याच कारणावरून अटक बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती गवई आपल्या अमरावतीचे; जन्म इथला, कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची. पुढे १४ मे २०२५ रोजी ते सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. निवृत्तीच्या थोडं आधी, ६ नोव्हेंबरला, मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात त्यांच्या पीठाने सांगितलं की गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्या, आणि अटक झालेल्याला कळते त्या भाषेत द्या. तिथल्या तिथे जमत नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. तो खटला वरळीतल्या महागड्या गाडीच्या अपघाताचा. श्रीमंताच्या पोराच्या प्रकरणात लागलेला हा निकाल खरा उपयोगी कुणाला पडायला हवा? धारणी आणि चिखलदऱ्याच्या कोरकू माणसाला. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं मराठीशी काही नातं नाही. मेळघाटातल्या म्हाताऱ्याला छापील मराठीत अटकेची कारणं दिली आणि अंगठा घेतला, तर कळेल त्या भाषेत ही अट पाळली गेली काय? इथे बसलेल्या तरुण वकिलांनी हा प्रश्न पहिल्या रिमांडलाच उभा करावा. सहा महिन्यांनी नागपूरला उच्च न्यायालयात जाऊन नको.

चौकशीबद्दल आणखी एक प्रश्न नेहमीचा: जबाबावर सही करू काय? साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही घेऊच नये असं कायदा म्हणतो. आणि कबुलीचं काय? "पेपरात आलं ना साहेब, आरोपीने कबूल केलं म्हणून." पेपरात येतं, पण कोर्टात येत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, विहिरीतून कुऱ्हाड निघाली, तर तेवढ्या सापडण्यापुरतं विधान वाचता येतं. म्हणून पंचनाम्यावरच्या पंचांना एवढी किंमत. आणि म्हणूनच पंच फितूर झाला की सरकारी वकिलाचा चेहरा पडतो. गावातला पंच सात वर्षांनी साक्षीला येतो तोवर त्याचं आरोपीच्या घरी जेवणखाण सुरू झालेलं असतं. यावर कायद्यात औषध नाही.

आता जामिनाचा प्रश्न.

हा प्रश्न या गावाच्या इतिहासात आहे. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, मद्रासचे वकील. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, इथले वकील. आणि टिळक त्या वेळी तुरुंगात, राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी भोगत. त्या जुलैत त्यांना मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांनीही नाकारला. हो, तेच रानडे. मग खटला सेशन्सकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. बचाव तयार करायला माणूस बाहेर हवा. उद्या तो निर्दोष ठरला तर आज भोगलेला तुरुंग कोण परत करणार, असा विचार त्यामागे होता. टिळकांच्या वतीने तो अर्ज चालवणारे वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी जामिनाचा अर्ज चालवला बॅरिस्टर जिनांनी, आणि न्यायासनावर होते तेच दावर. जामीन नाकारला. पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, टिळक मंडालेला गेले, आणि खापर्डे टिळकांच्या सुटकेसाठी विलायतेला गेले.

आरोपी तोच, आरोपही राजद्रोहाचाच. ज्याने आदल्या वेळी जामीन मिळवून दिला, त्यानेच पुढच्या वेळी नाकारला. म्हणून पक्षकार विचारतो, "जामीन होईन काय?" तेव्हा शंभर टक्के होईल म्हणणाऱ्या वकिलापासून जपून राहा. कोर्ट काय पाहतं ते सांगता येतं. माणूस पळून जाईल काय, साक्षीदारांवर दाब आणेल काय, पुरावा बिघडवेल काय, गुन्हा किती गंभीर, आधीचे गुन्हे आहेत काय. पण हे सगळं पाहणाऱ्याचं मन कुठे कललेलं असेल, ते कोणत्याच कलमात लिहिलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मनीष सिसोदिया यांना सतरा महिन्यांनी जामीन देताना न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने खालच्या न्यायालयांना आणि उच्च न्यायालयांनाही सुनावलं, की जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद हे तुम्ही विसरून चाललात, जामिनाच्या बाबतीत तुम्ही स्वतःला सांभाळून घेता. ते खरंच आहे. जामीन नाकारणाऱ्या न्यायाधीशाला कुणी जाब विचारत नाही. दिला तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

एक जामीन मात्र असा आहे, जिथे न्यायाधीशाच्या मनाचा प्रश्नच येत नाही. तपास साठ दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस. पण अर्ज करावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज नाही केला आणि बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र आलं, तर तो हक्क गेला. तुरुंगात बसलेला माणूस दिवस मोजतो, बाहेरचा वकील विसरतो, असंही होतं.

पण माझ्या मते वऱ्हाडात जामिनाचा खरा पेच आदेशानंतर सुरू होतो. कोर्ट म्हणतं, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मग नातेवाईक विचारतात, "जामीनदार म्हणजे कोण आणू?" सातबारा असलेला माणूस आणा. सातबारा नसेल तर घराची करपावती, तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी प्रमाणपत्र. आता वऱ्हाडातल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पाहा. पीककर्जाचा बोजा नसलेला सातबारा मिळणं कठीण. ज्याच्याकडे कोरा सातबारा आहे, तो गावातला मोठा शेतकरी. तो शेतमजुराच्या पोरासाठी कोर्टात येऊन उभा राहील काय? आणि राहिला तर त्याच्या वावरात पुढचा हंगाम कुणी, कोणत्या मजुरीवर राबायचं? फुकट कोण उभं राहतं हो. कोर्टाच्या परिसरात भाड्याने जामीनदार मिळण्याचा धंदा देशभर चालतो तो यातूनच, आणि खोट्या सातबाऱ्याचा नवा गुन्हाही यातूनच होतो. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच असतो, आणि बाहेर बातमी जामीन झाल्याची असते.

मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला तरुण वकिलांना माहीत असेल. १९७८ चा, मध्य प्रदेशातला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खालच्या दंडाधिकाऱ्याने त्यावर दहा हजारांची अट घातली. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाही म्हटलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली, स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणं चुकीचं असल्याचं स्पष्ट केलं. धारणीच्या माणसाचा मामा खंडवा जिल्ह्यात असतो, मेहुणा बैतूलला. तरीही "जामीनदार स्थानिक पाहिजे" हे वाक्य अजून ऐकू येतं. ऐकू आलं की मोतीराम पुढे करा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितलं, की जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार स्वतःहून करायचा. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा अकोल्याच्या जिल्हा कारागृहात ज्यांचं माणूस आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. नव्या संहितेचं कलम ४७९ हेही तसंच. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे याला अपवाद, आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत तोही.

मित्रहो, यावर माझा वेळ जास्त गेला, पण इलाज नव्हता.

दुसऱ्या बाजूचा माणूसही आमच्याकडे येतो. मार खाल्लेला. "साहेब, रिपोर्ट दिली, तर एनसी करून पाठवलं." वऱ्हाडातल्या फौजदारीतला फार मोठा भाग धुऱ्याच्या भांडणाचा आहे. धुरा कोरला, पांदण अडवली, बैल घातला. आधी शिव्या, मग काठी. आता कायद्याच्या नजरेने काय झालं हे कशावरून ठरतं? हातात काय होतं आणि डॉक्टरने काय लिहिलं यावरून. बुक्की मारली, शिवी दिली, धमकी दिली, तर गुन्हा बहुधा अदखलपात्र, म्हणजेच एनसी. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. विळा, कुऱ्हाड चालवली तर दखलपात्र. हाड मोडलं किंवा एक दात पडला, तर ती कायद्याने जबर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दुखण्याने माणूस वीस दिवस कामाला लागू शकला नाही तर ती जबर दुखापत, असा जुना नियम होता. नव्या भारतीय न्याय संहितेने ते पंधरा दिवसांवर आणलं. म्हणून ठाण्यात वाद घालत बसण्याआधी अमरावतीकरांनी इर्विन रुग्णालय गाठावं, अकोलेकरांनी सर्वोपचार. डॉक्टरांना कुणी, कशाने मारलं ते सांगावं. ते तिथल्या कागदावर उतरतं, आणि खटल्यात वकिलाच्या भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलतो. घरी हळद लावून चार दिवसांनी एक्स-रे काढणाऱ्याला उलटतपासणीत काय ऐकावं लागतं, ते मी रोज ऐकतो. कधी कधी मीच ऐकवतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर गुन्हा नोंदवावाच लागतो, हे घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं. नवीन संहितेने थोडी मोकळीक दिली: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. त्या मोकळिकीचा अर्थ काही ठाण्यांत चौदा दिवस शांत बसा असा होऊ नये. नोंदवलंच नाही तर अर्ज रजिस्टर पोस्टाने अधीक्षकांकडे. अमरावती शहरात आयुक्तालय आहे, तिथे आयुक्तांच्या कचेरीत. त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे. पोस्टाची पावती जपून ठेवा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवायचं बंधन पोलिसांवर आहे.

या भांडणाला एक शेपूट असतं. दोन्ही बाजूंना चॅप्टर केसची नोटीस येते आणि घरातला पोरगा घाबरतो, कारण तो पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावत असतो. "साहेब, भरतीत नाव जाईन काय?" चॅप्टर केस ही शिक्षा नाही, शांतता राखण्याचं बंधपत्र आहे. पण चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारलेलं असेल तर लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तरुणपणच्या किरकोळ प्रकरणाकडे नेमणूक करणारा काणाडोळा करू शकतो. मोठी माहिती दडवली तर मात्र नोकरी जाऊ शकते. आतापर्यंत मी ज्या पोरांच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या, त्या मारामारीने गेल्या नाहीत. कोऱ्या सोडलेल्या रकान्याने गेल्या.

दिवाळीनंतर येणारा प्रश्न चुकाऱ्याचा. व्यापारी गावात आला, भाव बाजार समितीपेक्षा दोनशे रुपये जास्त बोलला, कापूस-सोयाबीन भरून नेलं, आणि चुकारा बुडवला. "चारसोबीस लावा साहेब!" चारसोबीस आता ३१८ झालं, पण अडचण तीच आहे. पैसे न देणं म्हणजे फसवणूक नव्हे. घेतानाच द्यायचा इरादा नव्हता हे दाखवावं लागतं. एकाच व्यापाऱ्याने आठ गावांत हेच केलं असेल, नाव-पत्ता खोटा असेल, तर इरादा दिसतो. एकट्याचे पैसे थकले, तर ठाणेदार म्हणतो दिवाणी आहे, आणि दर वेळी तो खोटं बोलत नसतो. चेक दिला असेल तर रस्ता सरळ: चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्यानंतर पंधरा दिवस वाट, मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. या तारखा चुकल्या की शेतकरी बरोबर असूनही अडकतो. आणि काटापट्टी? "ते तं त्याच्याचकडं राह्यली." मग मी कशावर लढू?

केस मागे घेता येते काय, हा प्रश्न बहुधा दोन्ही पक्ष एकत्र येऊन विचारतात, आणि कधी कधी एकाच मोटारसायकलवर येतात. फौजदारी खटला फिर्यादीचा नसतो, सरकारचा असतो. म्हणून फिर्यादीने "मला चालवायचं नाही" म्हटल्याने तो संपत नाही. काही कलमांत कोर्टातच तडजोड होते. बाकीच्यांसाठी नागपूर खंडपीठात जावं लागतं. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. नवरा-बायकोचे, भावाभावांचे वाद तिथे मिटतात. खून, बलात्कार, दरोडा मिटत नाहीत, गावच्या बैठकीने कितीही ठराव केले तरी.

आता एक प्रश्न असा, जो पक्षकार विचारत नाही, इतर सगळे विचारतात. घरचेही विचारतात. "त्यानं केलं हे तुम्हाला माहीत असतं, तरी वकीलपत्र घेता?" आम्हा लोकांकडे याची पाठ झालेली उत्तरं आहेत, आणि ती मलाही कंटाळवाणी वाटतात. त्यापेक्षा मुंबईतला एक खटला सांगतो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा खटला उभा राहिला तेव्हा कसाबचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हतं. कोर्टाने वकील नेमला. कसाब दोषी ठरला, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी गेला. हे सगळ्यांना आठवतं. त्याच खटल्यात त्याच्या शेजारी दोन भारतीय आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले असा आरोप होता. फहीमचे वकील शाहिद आझमी यांनी विचारलं, मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा सापडला म्हणता, कपडे रक्ताने भिजलेले, मग कागदावर डाग कसा नाही? फेब्रुवारी २०१० मध्ये आझमींना कुर्ल्यातल्या त्यांच्या कचेरीत गोळ्या घालून मारण्यात आलं. मे महिन्यात विशेष न्यायालयाने त्या दोघांना निर्दोष सोडलं. ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. दोषी आणि निर्दोष एकाच पिंजऱ्यात उभे होते, आणि बाहेरून पाहणाऱ्या सबंध देशाला तिघेही सारखेच दिसत होते. कुणाचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव गावोगावचे वकील संघ संतापाच्या भरात करतात. असा ठराव रद्दबातल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं. मला विचाराल तर असा ठराव आरोपीपेक्षा फिर्यादीचं नुकसान जास्त करतो. वकिलाशिवाय चाललेला खटला वरच्या कोर्टात टिकत नाही.

आणि पैसे नसतील तर? फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हे लोकांच्या डोक्यातून काढणं अवघड आहे, आणि त्याला आमचा व्यवसायही थोडा जबाबदार आहे. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, अपंग असेल किंवा कोठडीत असेल, तर उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे. मदतीसाठी फोन क्रमांक १५१००. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. दारावरचा शिपाई नाव विचारेल, ओळख विचारणार नाही. तिथे आता खास आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ नेमलेले वकील बसतात. त्यातल्या काही तरुण मुलामुलींची उलटतपासणी मी मागे बसून ऐकली आहे. भल्याभल्यांना जमणार नाही अशी होती.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. आता प्रश्नोत्तरं. संयोजकांनी चिठ्ठ्या वाटल्या आहेत. नाव लिहिलं नाही तरी चालेल. स्वतःची केस "माझ्या एका मित्राची" म्हणून विचारली तरी चालेल, आम्हाला सवय आहे. फक्त मित्राला पुढची पेशी कधी आहे, तेवढं चिठ्ठीवर लिहा.